एका उंचीचं पितळ

अल खौद, मस्कत
२३ जानेवारी २०२५

प्रिय प्रताप,

अनेक आशीर्वाद. तू, कल्पना आणि काजूची बाग मजेत असाल असं धरून चालते. इथे आम्ही खुशाल आहोत. आशुतोष आणि अस्मिता रोज सकाळी अल खुवैरला ऑफिसात जातात, संध्याकाळी ट्रॅफिकला नावं ठेवत परत येतात. थंडी म्हणशील तर आजऱ्याची माणसं हसतील इतकीच.

तुझे व्हॉइस मेसेज ऐकले. उत्तर दिलं नाही, रागावू नकोस. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे.

आशुतोषने तुला सांगितलंच असेल, की आई हल्ली गप्प असते, गॅस चालू ठेवून विसरते. खरं आहे ते. हे गेल्यावर मुलाने हौसेने मला इथे आणलं, पण दिवसभर फ्लॅटमध्ये करायचं काय? भाजी निवडायची आणि खिडकीतून कॉलेजच्या पोरांच्या गाड्या बघायच्या. त्यात हात थरथरायला लागले. कप बशीवर वाजायचा, आणि सूनबाई माझ्याकडे न बघता तो हळूच हातातून काढून घ्यायची. ते न बघणंच जास्त लागायचं.

दोन आठवड्यांपूर्वी अस्मिताच्या ऑफिसातल्या सफियाने आम्हाला बरक्याला जेवायला बोलावलं. सफिया ओमानी. तिच्या वडिलांची, जुमाभाईंची तिथे खजुराची शेती आहे. ते तरुणपणी व्यापाराला मुंबईला यायचे, त्यामुळे हिंदी फर्डं बोलतात, फक्त त्यांच्या हिंदीत सगळ्या बायका ‘जाता है’ आणि ‘खाता है’. जेवण झाल्यावर त्यांनी कपाटातून रायफल काढली. खालची कडी पुढे ढकलून मागे ओढली की गोळी नळीत चढते, तसली. जाड गोळीची. प्रताप, आपल्या अण्णांच्या रायफलीची सख्खी बहीण.

“बाप का है,” जुमाभाई म्हणाले. “अब बेच देगा. आँख खलास.”

इथे शिकारीला बंदी आहे, त्यामुळे ते तिथल्या नेमबाजीच्या क्लबात पाटीवरच नेम धरतात. दुकानातलं काडतूस इतकं महाग, की फक्त ईदेला उडवायचे. मग सफियाने ठरवलं, वापरलेली काडतुसं आपणच पुन्हा भरायची. ती त्याच क्लबात शिकवते, आणि तिथे त्याची परवानगी आहे. काडतुसं स्वस्त झाली, पण तेव्हापासून जुमाभाईंचा नेम गेला. एक गोळी पाटीच्या कडेला, एक पाटीच्या बाहेर. त्यांना वाटलं, म्हातारपण आलं.

सफिया मला स्वयंपाकघरात म्हणाली, “आंटी, रायफल गेली की बाबा घरात बसतील. एकदा बसले की उठायचे नाहीत.”

मी म्हटलं, “तू भरलेली काडतुसं दाखव.”

आशुतोष म्हणाला, “आई, तुला काय कळतंय त्यातलं?”

त्याचा दोष नाही. मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. यांनाही नाही. पुण्याच्या सासरी नव्या सुनेने काय सांगायचं, की मी माहेरी काडतुसं भरत होते म्हणून?

सफियाने काडतुसं आणली. मी ती टेबलावर ओळीने उभी केली आणि चष्मा पुसून बघितलं. गोळी घट्ट बसावी म्हणून पितळेची कड तिच्यावर आत दाबतात ना, ती काहींची खोल रुतली होती, काहींची नुसती टेकली होती. पितळ प्रत्येक वेळी उडवलं की थोडं ताणतं. ते कापून एका उंचीचं केलं नाही, तर एक गोळी आवळलेली राहते आणि दुसरी सैल. मग नेम कितीही धरा.

“पण मी दारू काट्यावर तोलून भरते,” सफिया म्हणाली.

“दारू बरोबर असेल. आमचे अण्णा म्हणायचे, आधी पितळ एका उंचीचं करा, मग दारूच्या नावाने बोला.”

पुढच्या शनिवारी आम्ही क्लबात गेलो. सफियाने पितळं कापली, मी एकेक मोजपट्टीत घालून बघितलं. कड घासली, बुडाला ठिणगीची नवी टोपी बसवली, दारू तोलली, चपट्या नाकाची गोळी बसवली. असल्या रायफलीत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात, टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टोचली तर अनर्थ व्हायचा. हे मी सफियाला सांगायला गेले, तर ती हसून म्हणाली, “आंटी, हे मला येतं.” काम अर्धं झाल्यावर अस्मिताने माझ्या हाताकडे बोट केलं. काट्याच्या पारड्यात मी दारू सोडत होते आणि हात हलत नव्हता.

जुमाभाईंनी बार काढले. आम्ही पाटी जवळ आणून बघितली, तर सगळी भोकं तळहाताखाली झाकतील अशी एकत्र. जुमाभाईंनी प्रत्येक भोकात बोट घातलं. मग वळून म्हणाले, “मैं बुड्ढा नहीं. मेरा गोली बुड्ढा था.” आणि हातातली काठी डोक्यावर नाचवत त्यांनी तिथेच गिरकी घेतली. सफिया हसत होती आणि डोळे पुसत होती.

मग त्यांनी रायफल माझ्यापुढे धरली. “बहन, अब तुम.”

आशुतोष म्हणाला, “आई, खांदा निखळेल.” सफियाने माझे ओळखीचे कागद क्लबात आधीच दाखवून परवानगी घेतली होती. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली.

प्रताप, आता जे लिहायचं ते लिहिते. अण्णा म्हणायचे, शुभाचा हात तोलायला आणि प्रतापचा मारायला. बागेत डुक्कर आलं की काडतुसं मी भरलेली असायची आणि बार तू काढायचास. सगळी आळी तुझं कौतुक करायची, मीही करायचे, आणि ते मनापासून असायचं. पण एकदा तरी ती रायफल माझ्या खांद्याला लावावी असं मला किती वाटायचं, हे मी तुला कधी कळू दिलं नाही. तू मेसेजमध्ये विचारतोस, परवान्याची कटकट आता नको, रायफल पोलीस ठाण्यात कायमची जमा करू ना, ताई? एका शब्दाचं उत्तर होतं. ते माझ्याने देववेना.

जमा करू नकोस. मी चैत्रात येते आहे. वारस म्हणून परवाना माझ्या नावावर मागणार आहे. ते नाही म्हणाले तर नाही म्हणू देत, पण मागितल्याशिवाय मी सोडणार नाही. काडतुसं मिळत नाहीत, हे मला माहीत आहे. काय परवानगी लागते ते विचारून घेऊ.

बरक्याचा बार कुठे लागला विचारशील. पाटीच्या मधोमध नाही, पण पाटीवर. धक्क्याने मी पाऊलभर मागे गेले, सफियाने धरलं, आणि मला हसू आलं. असं आलं की थांबेना. हे गेल्यापासून मी मोठ्याने हसले नव्हते. आशुतोष आधी घाबरला, मग रेतीत बसून तोही हसायला लागला. अगदी यांच्यासारखा हसतो तो, माझ्या इतके दिवस लक्षातच आलं नव्हतं.

खांदा निळाजांभळा झाला आहे. अस्मिता शेक देते. हात लावला की दुखतो, आणि मी मुद्दाम हात लावून बघते.

कल्पनाला आशीर्वाद. रुसलास तरी चालेल, मी आले की समजूत काढीन.

अण्णांची थोरली,
शुभाताई