उरलेली आठ मिनिटं

१२ जानेवारी १९६५, मलकापूर

सकाळच्या पॅसेंजरनं उतरलो. रेकॉर्डिंगचं मशीन डोक्यावर घेताना हमाल म्हणाला, "काय गोटे भरले काय जी याच्यात?" गोटे परवडले असते.

आठ दिवसांचा दौरा. धाड, मेहकर, जानेफळ. गाणी गोळा करायची, महिनाअखेरीच्या ग्रामीण कार्यक्रमासाठी. टेपची रिळं सहा, एकेक पंधरा मिनिटांचं. सातवं मागितलं तर मोठे साहेब (यापुढे मो. सा., एवढं लिहायचाही कंटाळा) म्हणाले, "जपून वापरा." निघताना पुन्हा तेच पुराण: पेटी नको. रेडिओवर हार्मोनियमला मनाई. तिचे सूर म्हणे आपल्या गाण्याचे नव्हेत. आणि इकडे एक भजनी मंडळ पेटीवाचून नाही. अकरा वर्षं मी गावोगाव सांगत फिरतोय, पेटी बाहेर ठेवा. चपला ठेवतात तशी.

संगीत विभागात लागलो तेव्हा वाटलं होतं, दिवसभर गाणी ऐकायला मिळतील. ऐकतो कोण? तक्ते भरतो. सहा पाचला भक्तिगीत, सहा वीसला वाद्यसंगीत, मध्ये बाजारभाव. फेब्रुवारीत वरच्या जागेची मुलाखत. मिळाली तर दुसऱ्यांनी भरलेले तक्ते तपासायचे.

आज शाळेचं समूहगान घेतलं. दोन रिळं गेली. एक अख्खं रीळ मुख्याध्यापकांचं भाषण. मशीन बंद केलं तर बघत होते.

१५ जाने., धाड

काल संक्रांत झाली, खिशात तिळगुळाचा चुरा. सरकारी जीप वेळेवर परत सोडायची म्हणून दुपारीच रेकॉर्डिंग. भजनी मंडळाचे मुख्य गवई बशीरभाई पिंजारी. साठीचे. जन्मभर कापूस पिंजला, गाद्या भरल्या, आणि चाळीस वर्षं मारुतीच्या पारावर अभंग म्हटले. पेटी स्वतःच वाजवतात. रोजे चालू, तोंडात पाण्याचा थेंब नाही. म्हटलं, संध्याकाळी रोजा सोडल्यावर घेऊ. ड्रायव्हर म्हणाला, जीप चारला पाहिजे. झालं.

मी पेटीचं सांगितलं. बशीरभाईंनी पेटीवरचा हात काढला नाही.

"काऊन जी भाऊसाहेब, पेटीनं काय केलं?"

म्हटलं, वरचा नियम आहे.

"तुमी म्हन्ता तं पाह्यतो बिनापेटीचं."

पाहिलं. हात मांडीवर, बोटं आपोआप हलत होती. आवाज अवघडला. मृदंगवाला मान खाली घालून वाजवत होता. परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारखं गायले बिचारे. मला माझीच किळस आली. टेप मागे घेतली आणि म्हटलं, काढा पेटी.

मग जे झालं ते इथं लिहिता येणार नाही. आधी अभंग, मग गवळण. गवळणीच्या सुरुवातीला नुसती पेटी, कितीतरी वेळ, आणि मग आवाज वरून येतो. असा गळा मी या नोकरीत दुसरा ऐकलेला नाही. पूर्ण पंधरा मिनिटं घेतली.

संपल्यावर खोकत होते. भिंतीला टेकून. "कापसाचा भुसा आहे छातीत. पुढच्या साली गळा राह्यते का नाई, अल्लाले माहीत. कवा लागन हे?"

बोलून गेलो: ३१ तारखेला, संध्याकाळी सव्वासहा. त्या दिवशी ड्यूटी माझी. पाच-सात मिनिटं कमी पडली असं दाखवून मध्ये सरकवता येतं. कितीदा केलंय, भिकार गाण्यांसाठी.

१६ जाने., मेहकर

रोजचा अहवाल तारेनं. नियमाबाहेरचं रीळ नोंदवणार कसं? धाडच्या रिळाला सहावा क्रमांक दिला आणि पुढे लिहिलं, 'कोरं'. वाटलं, फार हुशार आहोत आपण.

इथं दोन रिळं भरली. पहिल्यात एक बरा पोवाडा. दुसऱ्यात गायक कमी, खाकरणारे जास्त.

१८ जाने., जानेफळ

माझं गाव. जन्म इथला, त्यामुळे कुणी साहेब म्हणत नाही हे एक बरं. पाचवं रीळ सकाळीच जात्यावरच्या ओव्यांत संपलं. बायका छान गायल्या, पण पदर तोंडावर, निम्मं ऐकू येत नाही.

दुपारी पंचायत समितीचे सभापती आले. बरोबर त्यांचे मेहुणे. मेहुण्यांच्या अंगावर कोशाचा रेशमी सदरा, बोटात तीन अंगठ्या, मागे माणूस पेटी घेऊन.

"काय बे, मोठा रेडिओवाला झाला! आमच्या पाव्हन्याचं गानं घेतल्याबिगर जाशीन काय?"

म्हटलं, रीळ नाही. आणि पेटी चालत नाही. सभापती हसले, मला पोस्टात घेऊन गेले आणि स्वतःच केंद्राला फोन लावला. बोलून झाल्यावर फोन माझ्या हातात.

मो. सा.: "त्यांचं घ्या."

"रीळ शिल्लक नाही, सर."

"तुमच्याच तारेत आहे, सहावं कोरं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग अडचण काय?"

"सर, ते पेटीवर गातात."

"असू द्या हो. निवेदनात लोकवाद्य म्हणा. आणि येत्या मुलाखतीच्या समितीवर मी आहे, लक्षात आहे ना?"

अकरा वर्षं जो नियम मी लोकांच्या छातीवर ठेवत आलो, तो एका फोनवर 'असू द्या हो'. थू. आणि बशीरभाईंना उपाशीपोटी बिनपेटीचं गायला लावलं मी.

खरं सांगता आलं असतं. सहाव्यात रेकॉर्डिंग आहे, नोंद खोटी आहे, एवढं म्हणायचं होतं. नाही म्हटलं. सभापती शेजारी उभे, पोस्टमास्तर ऐकतोय, आणि डोळ्यापुढे मुलाखत. मुख्याध्यापकांचं भाषण पुसावं असंही मनात आलं, पण ते नोंदवलेलं, शिक्षणखात्याला कळवलेलं.

बशीरभाईंचं रीळ लावलं. मेहुण्यांनी नव्या योजनांवर स्वतः रचलेलं गाणं म्हटलं. सात मिनिटं. विहीर, खत, सभापती, पुन्हा विहीर. टेप सरकत होती आणि खाली अभंग पुसला जात होता, कडव्यामागून कडवं. मी मान डोलावत होतो. खरंच डोलावत होतो, कारण सभापती बघत होते.

गाणं संपलं तसं मशीन बंद केलं. "अजून एक घे नं," सभापती म्हणाले. मी म्हटलं, बॅटरी गेली. बॅटरी ठणठणीत होती.

१९ जाने., परतीची गाडी

डब्यात एक व्यापारी खिडकीशी ट्रान्झिस्टर लावून बसलेला. आमचंच केंद्र. बाजारभाव संपल्यावर त्यानं बंद केला. योग्य केलं.

२२ जाने., केंद्र

स्टुडिओत एकट्यानं रीळ लावून पाहिलं. मेहुणे संपतात, एक खरखर, आणि लगेच गवळणीची पेटी. आठ मिनिटं शाबूत. दोनदा ऐकलं. ती आठ मिनिटं दुसऱ्या टेपवर उतरवून ठेवावी म्हणून भांडारात गेलो. भांडारपाल म्हणाला, मो. सा.ची सही आणा. कशासाठी हवी, ते लिहून.

परत आलो.

२८ जाने.

धाडहून पोस्टकार्ड. ग्रामसेवकानं लिहिलंय: 'बशीरभाई आपणांस सलाम सांगतात. त्यांचा आवाज पार बसला असून डॉक्टरांनी गाणे बंद केले आहे. ३१ तारखेस सर्व मंडळी ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढे बसणार आहेत, बशीरभाई रोजाही तिथेच सोडणार. रेडिओस नवी बॅटरी आणली आहे. बशीरभाई म्हणतात, भाऊसाहेबाले सांगा, मले बी पहिल्या बार आपला आवाज आयकाले भेटन.'

कार्ड कचऱ्यात टाकलं. मग काढलं.

मो. सा.कडे जाऊन उभा राहिलो. सगळं सांगायचं असं ठरवून. ते म्हणाले, "छान झालं हो ते मेहुण्यांचं. सभापती एकतीसला माझ्याकडेच येताहेत, घरी बसून ऐकू. गाणं संपलं की लगेच निवेदन घ्या, फाफटपसारा नको." मी "हो सर" म्हणालो. अकरा वर्षांत दुसरं काही म्हणायला शिकलोच नाही.

३१ जाने., ड्यूटी रूम

पावणेसहा. तक्ता पुढ्यात, माझ्याच अक्षरात: ६.१५ मेहुण्यांचं लोकगीत, ७ मि. नंतर निवेदन, नंतर पोवाडा. पोवाड्याचं रीळ तयार. मेहुण्यांचं यंत्रावर चढवलंय. सात मिनिटं झाली की आवाजाची कळ खाली ओढायची. ओढली नाही तर गवळण. पेटीसकट. मो. सा. आणि सभापती ऐकतील, धाड ऐकेल. मुलाखत बारा तारखेला आहे. घरी बायकोनं पगारवाढ गृहीत धरून

असो. स्वतःचा एवढा वीट कधी आला नव्हता.

सहा. निवेदिका आत्ता येऊन विचारून गेली, "लोकगीत संपलं की लगेच बोलू ना?"

म्हटलं, लगेच नको. मी खूण करीन तेव्हा बोला.

"पण तक्त्यात तर—"

म्हटलं, माझ्या हाताकडे बघा.