पाणी पेटलं

टॅम्पिनीस, मंगळवार, ११ ऑगस्ट २००९

ती काडी डोळ्यांपुढून जात नाही. आमच्या कंपनीने अमेरिकेत खडकात अडकलेल्या शेल गॅससाठी जमीन पोखरली, तिथल्या एका बाईचा व्हिडिओ आज ऑफिसात पाहिला. तिने स्वयंपाकघरातला नळ सोडला, काडी ओढली, आणि पाणी भपकन पेटलं.

संध्याकाळी आईला फोनवर म्हणालो, "तिथे पाणी पेटलंय गं."

"अरे देवा! कुणाकुणात?"

तिला भांडणच वाटलं. मी समजावलंही नाही.

"तू इंजिनिअर ना? मिटव की मग."

काय मिटवू? साहेबांनी सांगितलं तसं अहवालात मीच लिहून आलो: पाण्यातला गॅस तिथला मूळचाच, आमचा संबंध नाही.

आणि ती बाई? दचकून मागे सरली आणि हातातली काडी विझवायला सवयीने पुन्हा नळाखालीच धरली.