फक्कीच्या रेघेजवळची सावली

बाई, परवा तुमचा श्वास नाहीसा झाला आणि मी घाबरले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, घाबरण्यासारखं आता उरलंय तरी काय, असं स्वतःला समजावलं. पण हेडफोन काढून ठेवला आणि लगेच परत कानाला लावला.

आधीपासून सांगते. प्लास्टिकची चकती फेकत न्यायची, रेघेच्या आत झेलली की गुण, त्या आपल्या खेळावर मी माहितीपट करते आहे. जग त्याला अल्टिमेट फ्रिस्बी म्हणतं, आपण नुसतं चकती म्हणायचो. आता मोठ्या शहरांतली पोरंपोरी तो खेळतात, त्यांच्या स्पर्धा होतात. पण नांदेडच्या एका मुलींच्या शाळेत, पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेल्या, साडीचा पदर कमरेला खोचलेल्या पी.टी.च्या बाईंनी, म्हणजे तुम्ही, तो कितीतरी आधीच सुरू केला होता, हे कुठंच नोंदलेलं नाही. म्हणून मी निघाले. मुदखेडला, अर्धापूरला, लातूरला गेले, आपल्या जुन्या मुली शोधल्या. कुणी सासू झाली आहे, कुणी तहसिलात नोकरीला आहे. कॅमेऱ्यासमोर बसवलं की सगळ्यांना तुम्ही आठवता. तुमचे बूट आठवतात, तुमचा दमा आठवतो. चेहरा विचारला की मात्र एकेक जण छताकडं बघायला लागते.

तुमचा दीर लग्नांचं शूटिंग करायचा, त्याच्या घरून एकच कॅसेट मिळाली. लातूरच्या मुली आपल्याकडं खेळायला आल्या होत्या, तो दिवस. कुणाच्या तरी हळदीच्या कॅसेटवरच तुम्ही सामना टिपला होता, त्यामुळं आपला खेळ संपला की एकदम बँड वाजतो आणि ओळखीची नसलेली एक नवरी मान खाली घालून बसलेली दिसते. कॅमेरा तुम्ही कुणाच्या हातात दिला नाहीत. "हात लावू नका गं, माझ्या दिराची लग्नं मोडतील," असं म्हणताना तुम्ही हसता, ते त्यात आहे. म्हणजे सगळ्या कॅसेटभर तुम्ही आहात आणि कुठंच नाही आहात. आहे तो आवाज, आणि आवाजामागं तो श्वास. दम्याची बारीक शिट्टी. मैदानात शिट्टी नको, पंच नको, म्हणणाऱ्या बाईंच्या छातीतच ती वाजत होती.

पुण्यात एक जण आवाज साफ करून देतो. त्याच्याकडं कॅसेट पाठवली. त्यानं फोन केला, "ताई, मागं सारखी घरघर होती, काढून टाकली. आता ऐका, मस्त झालंय." ऐकलं. मुलींचा ओरडा स्वच्छ, शाळेची घंटा स्वच्छ. आणि मध्ये, जिथं तुम्ही उभ्या होतात, तिथं काहीच नाही. भांडं घासून पालथं घालावं तसं. मी परत ऐकलं, परत ऐकलं. तुम्ही गेलात तेव्हा मी बाहेरगावी शिकायला होते, मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. परवा पहिल्यांदा तुम्ही माझ्यासमोर गेलात.

त्याला म्हटलं, ती घरघर परत हवी. तो म्हणाला, लोकांना वाटेल आवाजात दोष आहे. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाईंचा एखादा फोटो द्या ना. आता मशीनवर चालताबोलता चेहरा करता येतो. बाई स्वतः खेळाची माहिती सांगतील." क्षणभर मोह झाला, बाई. तुमच्या सेवापुस्तकावरचा अंगठ्याएवढा, पुसट झालेला फोटो माझ्याजवळ आहे. पण लगेच तुमचं स्वयंपाकघर आठवलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की तुम्ही आम्हा चार-पाच जणींना घरी न्यायच्या. एकीकडं मुरमुऱ्यांचा सुशीला परतायला टाकलेला, फोडणीचा वास, आणि तुम्ही फरशीवर मांडी घालून चकतीची खरवडलेली कड पॉलिश पेपरनं घासताय. त्या सकाळच्या खेळात मी ओरडले होते की समोरचीनं मला ढकललं. तुम्ही वर न बघता विचारलंत, "ढकलताना दिसली का तुला?"

"न्हाई बाई, पण मी पडले ना."

"पडलीस ते सांग. ढकललं कशाला सांगून राहिलीस? दिसलं न्हाई तर दिसलं न्हाई म्हण. इथं पंच न्हाई, तूच हाईस." आणि त्याच हातानं माझ्या ताटलीत आणखी सुशीला वाढलात. रागावणं आणि वाढणं तुमच्याकडं एकाच वेळी चालायचं. निघताना ती घासलेली चकती तुम्ही माझ्या दप्तरात घातलीत. "घरी नेऊन सराव कर. आन् पडू नको."

मला तुमचा चेहरा दिसत नाही, बाई. दिसत नाही तर नाही. फोटो चालताबोलता करायचा नाही, असं त्याला कळवलं.

मग पुन्हा लातूरला गेले, तिथल्या संघाच्या त्या वेळच्या कॅप्टनकडं. तिचा एकच हट्ट होता: शेवटची चकती दाखव. तुम्हाला आठवत असेल. दोन्हीकडं सारखे गुण, तिनं चकती झेलली तेव्हा तिचा पाय चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या रेघेच्या आत होता की रेघेवर, यावर भांडण पेटलं. आत असेल तर लातूर जिंकलं. सगळ्यात जवळ मी होते, पण धुळीनं माझे डोळे मिटले होते. मला दिसलं नाही, आणि मी तसंच सांगितलं. तुमचा नियम होता की एकमत नसेल तर चकती परत मागं, पुन्हा टाकायची. पण त्यांची शेवटची बस होती. त्या गेल्या, आणि खेळ तसाच अर्धा राहिला.

तिच्या घरी टीव्हीवर घरघरीसकट लावलं. झेल येतो, गलका होतो. सगळ्या मुली कॅमेऱ्याकडं धावतात, "बाई, तुमच्या शूटिंगमधी दिसलं असंल, तुम्ही सांगा!" आणि कॅमेरा सावकाश खाली जातो. मुद्दाम. तुमचा आवाज येतो, "माझ्याकडं काय बघता? खेळलं कोण?" आता पडद्यावर नुसती जमीन आहे. कॅनव्हासचे बूट, त्यापुढं फक्कीची रेघ, आणि रेघेवर आडवी पडलेली लांब सावली. खोचलेला पदर, डोळ्यावरून खाली घेतलेला कॅमेरा. श्वास लागल्यानं सावलीचे खांदे वरखाली होताहेत.

ती पुढं सरकून बसली होती. इतक्यांदा पाहूनही मी इथं नुसती जमीनच बघितली होती. ती म्हणाली, "अगं, ह्या बाईच की."

"पाय बघायचाय ना? मागं घेऊ?"

"ऱ्हाऊ दे गं. हितंच थांबव." सावलीच्या खांद्यांकडं बोट करून, "असा श्वास घ्यायच्या व्हय? मी इसरलेच होते बघ."

थांबवायचं बटण शोधेपर्यंत बँड वाजायला लागला. मी बंद केलं. ती उठली, गुडघ्यावर हात टेकवत म्हणाली, "ठरलं न्हाई ना अजून? मग चकती मागं. चल, आत्ताच टाकते. तुम्हा नांदेडवाल्यांचं काय, परत बसचं निमित्त सांगाल."

"बस तुमची होती," मी म्हटलं.

तिच्या घरामागच्या मोकळ्या जागेत गेलो. चकती तुमचीच, माझ्या पिशवीत होती. तिनं चपलेनं रेघ ओढली. दोघीही जाडावलेल्या, दोघींचे चष्मे. कॅमेरा मी घरातच ठेवला होता, त्यामुळं हे माहितीपटात नाही. घरघर मात्र आहे. सगळीकडं ठेवली आहे.

हे लिहून कुठं पाठवणार? शाळेजवळच्या तुमच्या घरात आता दुसरं कुणी राहतं. कागद चकतीबरोबर पिशवीतच राहील. पण एक सांगते, रागावू नका. तिनं चकती सोडली, ती सरळ माझ्या हातात येणार होती. आणि नेमकं तेव्हाच मी मागं वळून बघितलं, तुम्ही बघताय का म्हणून.