नोटेला हात

सोम. ३ फेब्रु.

नवीन आदेश. केसपेपरच्या खिडकीवर आजपासून स्टीलचं ताट, एक चिमटा आणि फवाऱ्याची बाटली. पेशंटनं पैसे ताटात टाकायचे, मी चिमट्यानं उचलायचे, फवारा मारायचा, मग गल्ल्यात. खाली नव्या मॅनेजरांची सही. दवाखान्यात येऊन त्यांना दोन महिने झाले. सहीच्या वर ठळक अक्षरांत, ‘नोटांमधून रोग पसरतात.’

पसरत असतील. एकोणीस वर्षं याच खिडकीत बसतोय, दवाखान्यात माणूस रोग घेऊनच येतो.

चिमटा कँटीनमधून आणलाय. टोकाला भज्याचं तेल होतं. शेजारच्या औषधांच्या खिडकीतून इरफानभाई डोकावले. “क्या मियां, जलेबी बेचने बैठे क्या? पाव किलो बांधो.” रांगेतली माणसं हसली. मीही हसलो.

चिमटा ड्रॉवरमध्ये टाकला. दिवसभर हातानंच.

मंगळ. ४ फेब्रु.

जेवताना घरात सांगितलं. वाटलं, प्रज्ञा माझ्या बाजूनं बोलेल. ती लॅबचा कोर्स करते, दुसरं वर्ष. ती म्हणाली, “पप्पा, आधी अंगठ्याला थुंकी लावणं सोडा. नोटेवरून जिभेवर, जिभेवरून नोटेवर. तुम्ही स्वतः खाता आणि दुसऱ्याला वाढता.”

बायको, सुमन, तर ताटावरून उठलीच.

मान्य. चूक माझीच. गावच्या शाळेत गुरुजी पुस्तकाचं पान तसंच उलटायचे, तेव्हापासूनची सवय. उद्या स्पंजची डबी घ्यायची.

बुध. ५ फेब्रु.

डबी आणली. अंगठा तरीही चार वेळा तोंडाकडे गेला. पन्नाशीला आलेला अंगठा ऐकत नाही.

एक पाहिलं. स्कॅनर लागल्यापासून नोट घेऊन येतात ते ठरावीकच. म्हातारी माणसं, खेड्यातली, बांधकामावरची. बाकीचे मोबाईल दाखवून पुढे जातात. मग चिमटा नेमका कोणाला लावायचा?

गुरु. ६ फेब्रु.

मॅनेजर खिडकीशी येऊन उभे राहिले. चिमटा ड्रॉवरमध्ये बघितला. ओरडले नाहीत. केबिनमध्ये बोलावून चहा दिला.

म्हणाले, “माझे वडील कोरोनात गेले. शेवटी हात लावू दिला नाही मला. काचेतून बघितलं. तेव्हापासून मी असा आहे. तुम्हाला जाच म्हणून नाही हो, तुमच्याच काळजीपोटी.”

माणूस वाईट नाही. ‘बघतो’ म्हणून उठलो.

शुक्र. ७ फेब्रु.

ताप, जुलाब. रजा. काल दुपारी स्टँडजवळ कापलेलं कलिंगड खाल्लं, माशा बसलेलं. त्याचंच हे. पण ऐकतंय कोण. सुमन म्हणते, “झालं समाधान? आता सोमवारपासून चिमटा. तुम्ही आजारी पडा, मग पोरीनं तुमचीच तपासणी करायची का?”

शब्द दिला. अंगात त्राण नव्हतं म्हणून दिला, पण दिला.

सोम. १० फेब्रु.

आज चिमटा वापरला. लिहू नये वाटतंय, पण लिहितो.

सकाळी बरं चाललं होतं. माणसं आधी ताटाकडे बघत, मग माझ्याकडे, मग पैसे टाकत. एकानं विचारलं, “आमच्या पैशाला काय झालंय ओ साहेब?” मी काचेवर चिकटवलेल्या आदेशाकडे बोट दाखवलं. त्याला वाचता येत नव्हतं.

अकराच्या सुमारास एक आजी. सत्तरीच्या असतील, गुडघ्यावर हात ठेवून उभ्या. तंबाखूच्या चंचीतून वीसची नोट काढली. चार घड्या घातलेली, चुन्याचा डाग, घामानं ओली. मी चिमट्यानं उचलली आणि ती मधोमध फाटली. अर्धी चिमट्यात, अर्धी ताटात.

मागच्या बाईनं विचारलं, “आता भरून कोण देणार?” आजींनी चंचीतून दहाच्या दोन नोटा काढल्या. ताटात नाही टाकल्या. खिडकीच्या बाहेर कडप्प्याची फळी आहे, तिच्या अगदी टोकाला ठेवल्या. दोन पावलं मागे सरल्या, पदर आवरून धरला आणि म्हणाल्या, “घ्या साहेब. मी हात काढला.”

मी हात काढला.

चाळीस वर्षांनी ऐकलं हे वाक्य. आजींना कोणी शिकवलं नव्हतं आज. चिमटा बघून त्यांच्या हाताला आपोआप आठवलं. कुठल्या, कोणाच्या, मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

दहाच्या नोटा परत त्यांच्या हातात दिल्या. फाटकीवरच केसपेपर केला, माझे वीस गल्ल्यात टाकले. ती फाटकी नोट या वहीत आहे.

बुध. १२ फेब्रु. पौर्णिमा.

संध्याकाळी तिघेही विहारात. मेणबत्ती लावली, वंदना झाली. डोळे मिटले की आईच.

माढ्याकडच्या आमच्या गावात एकच किराणा दुकान होतं. आई पायरीवर नाणं ठेवायची, मागे सरायची आणि म्हणायची, “मी हात काढला.” मग दुकानदार तांब्यानं त्यावर पाणी ओतायचा आणि उचलायचा. मी तिचा पदर धरून बघायचो. मला वाटायचं, पैसे धुऊन घेतात, चांगलंच आहे की.

नोटेवर मात्र तो पाणी ओतत नसे. भिजली तर त्याचंच नुकसान. नोट असली की हातातून घ्यायचा. दोन बोटांनी का होईना, पण हातातून.

हे आईनं हेरलं. मजुरीची चिल्लर साठवायची आणि फाट्यावर जाऊन एसटीच्या कंडक्टरला द्यायची. त्याला सुट्टे हवेच असत. तो दोनाची नोट द्यायचा, हातावर. मग ती दुकानात जायची. तेलमीठ एका रुपयाचं असलं तरी नोटच द्यायची. उन्हात दीड मैल चालत जायची, फक्त एवढ्यासाठी. मला कारण कळलं ते ती गेल्यावर.

आता माझ्या खिडकीत नोटेवरही फवारा. आईनं शोधून काढलेली वाट मीच बंद करत होतो, पगार घेऊन.

हे घरी सांगितलं. प्रज्ञा म्हणाली, “पप्पा, माझ्या आजीचं सगळं खरं आहे. पण जंतूंना आपली गोष्ट माहीत नसते. ते असतातच.” मी विचारलं, मग काय करायचं? म्हणाली, “हात धुवायचे. साबणानं. तेवढं पुरतं. आणि तो चिमटा कोण धुतंय?”

गुरु. १३ फेब्रु.

चिमटा, ताट, बाटली, तिन्ही वस्तू मॅनेजरांच्या टेबलावर ठेवल्या.

“मी हातानं घेणार. हात धुणार. थुंकी लावणं बंद केलंय.”

“आदेश सगळ्यांना आहे.”

“माझ्याच खिडकीत नोटा येतात साहेब. सगळे म्हणजे मी एकटाच.”

“तुम्ही फार मनाला लावून घेता.”

“व्हय.”

गावची बोली अशी ऐनवेळी तोंडात येते. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, मग मला लेखी द्यावं लागेल. मी म्हटलं, द्या.

तिथून सरळ खिडकीत येऊन बसलो.

सोम. १७ फेब्रु.

मेमो आला. ‘आदेशाचे जाणीवपूर्वक उल्लंघन. सात दिवसांत लेखी खुलासा.’ माझा करार मार्चअखेर संपतो. दर वर्षी नुसती सही होते. या वर्षी होईलच असं नाही, हे मेमोत लिहिलेलं नाही, पण शिपायानं तो ज्या तोंडानं हातात दिला त्यावरून कळलं.

सुमन म्हणाली, “पोरीचं अजून एक वर्ष राहिलंय. एवढं लक्षात ठेवा.” ठेवलंय. आणि मग भाकरी वाढताना, माझ्याकडे न बघता, “सासूबाई असत्या तर त्यांनी काय सांगितलं असतं?”

मी म्हटलं, “आईनं तू म्हणतेस तेच सांगितलं असतं. नोकरी धर.”

“मग?”

वाकायचं मात्र नव्हतं.

गुरु. २० फेब्रु.

गंमत बघा. माझ्या खुर्चीमागे बेसिन आहे. नळ दिवाळीपासून कोरडा. तीन वेळा तक्रार लिहून दिली, वॉशर मिळत नाही म्हणे. चिमटा, ताट आणि बाटली मात्र एका दिवसात मिळाली.

आजपासून घरून पाच लिटरचा कॅन नेतोय, स्कूटरवर पायाशी ठेवून. आमच्या भागात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, सुमननं तरी काही न बोलता भरून दिला. वीस-पंचवीस माणसं झाली की हात धुतो. रांगेला सांगतो, “एक मिनिट, हात धुतो.” सगळे थांबतात. एक जण म्हणाला, “आमी बी धुवू का?” म्हटलं, या की. त्याच्या हातावर मी पाणी घातलं.

इरफानभाईंनी त्यांच्या खिडकीतून लाल साबणाची नवी वडी सरकवली. “रखो. मेरे पास भी नोटा आते ना, मेरे को कोई चिमटा दिया नहीं. मैं भी इधरीच धोता.” त्यांच्याकडेही नोटा येतात हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मॅनेजरांपुढे मी ‘एकटाच’ म्हणालो, ते चुकलंच. पण मग चिमटा फक्त केसपेपरलाच का, हे मी त्यांना विचारायला हवं होतं.

रवि. २३ फेब्रु.

दिवसभर खुलासा लिहीत बसलो. चार कागद फाडले. प्रज्ञाचा आग्रह, तिच्या आजीची गोष्ट घाला, वाचून कोणीही गप्प होईल. मी नाही म्हटलं. आईनं आयुष्यभर पायरीवर ठेवले पैसे. आता तिलाच कोणाच्या टेबलावर ठेवायचं नाही. दयेसाठी तर नाहीच.

शेवटी एवढंच राहिलं:

‘मी पेशंटकडून पैसे हातानं घेतो व हात साबणानं धुतो. बेसिनचा नळ दुरुस्त करून मिळावा. चिमटा वापरणार नाही.’

प्रज्ञानं वाचलं. तिसऱ्या वाक्यात “वापरू शकत नाही” असं करा म्हणाली, जरा मऊ वाटेल. विचार केला. वापरू शकतो मी. एक दिवस वापरला आहे. म्हणून ‘वापरणार नाही’च ठेवलं.

सोम. २४ फेब्रु.

खुलासा दिला. मॅनेजरांनी उभ्या उभ्या वाचला. “एवढंच?” एवढंच. मग म्हणाले, “नळाचं मला कोणी सांगितलं नव्हतं.” खरं असेल. म्हणाले, वर पाठवतो, निर्णय कमिटीचा.

निघताना मी त्यांना म्हटलं, “साहेब, तुमच्या वडिलांना हात लावू दिला नाही, ते तुम्ही विसरला नाहीत.” ते खिडकीबाहेर बघत राहिले.

बोललो ते बरं केलं की वाईट, अजून कळत नाही.

गुरु. २७ फेब्रु.

आज त्या आजी परत आल्या, गुडघा दाखवायला. मी ओळखलं. त्यांनी ओळखलं की नाही कोण जाणे. ताट नाही, चिमटा नाही, तरी नोट फळीच्या टोकाला ठेवली आणि मागे सरल्या.

मी उचलली नाही. खिडकीतून हात बाहेर काढला, तळवा वर करून.

“ठेवली की तितं.”

“हातात द्या आजी.”

“वली हाय बाबा. घामाची.”

“असू द्या.”

मागून कोणीतरी ओरडलं, “ओ मामा, आवरा की, ऊन चढलंय.” इरफानभाईंनी त्याला गप्प केलं. मॅनेजर तेव्हा जिन्यात उभे होते. वर जायचे थांबले होते. मी हात तसाच धरून बसलो. खांदा भरून आला.

आजी पुढे आल्या. नोट उचलली, पदराला पुसली, माझ्या तळव्यावर ठेवली आणि वरून दाबली, पोराच्या हातात खाऊ देतात तशी. बोटं खरखरीत, गरम.

“लई हट्टी हायस,” म्हणाल्या.

केसपेपर दिला. मग उठून हात धुतले, साबणानं, सगळ्यांसमोर. आजींना विचारलं, त्यांनीही धुतले. वर पाहिलं तर जिन्यात कोणी नव्हतं.

कमिटीचं काही आलेलं नाही. नळही तसाच.

उद्या आमच्या नळाला पाणी नाही. कॅन आत्ताच भरून दाराशी ठेवलाय.