शेरीफची हॅट

हार्लन क्रीक, मोंटाना
४ सप्टेंबर १९८७

ती. इशबेलताईस,
मर्डोचा सा. न. वि. वि.

तुझ्या भावावर घोर अन्याय झाला आहे. शेरीफची हॅट माझ्या कानांवर उतरते. दोष ऑर्वल ट्वेट न्हाव्याचा. माझे केस तो मेंढी भादरल्यासारखे कापतो. पैसे मात्र घेत नाही. म्हणतो, तुला मत दिलंय, आता बाकीचंही फुकट घे. निवडणुकीतलं माझं पोस्टर अजून त्याच्या आरशावर आहे.

बायकोच्या आजारपणात त्याने दुकान आणि वरची खोली बँकेकडे गहाण टाकली. बायको गेली, आता दुकानही चाललं. दोन ऑक्टोबरला त्याला बाहेर काढायचं, असा हुकूम माझ्या टेबलावर पडलाय. इथला शेरीफ म्हणजे बिल्ला, पिस्तूल आणि असली हमाली. राजीनामा दिला तर माझ्याऐवजी डेप्युटी कोल हुकूम घेऊन जाईल, आणि त्याला दार लाथेनेच उघडता येतं. तू तिकडची शेरीफ, न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतेस. एखादी पळवाट सांग.

तुझा,
मर्डो

अर्गाईल, स्कॉटलंड
१४ सप्टेंबर

चि. मर्डोस अनेक आशीर्वाद.

पळवाट नाही. तिथल्या जज्जच्या जागी मी असते तर मीही सही केली असती. या आठवड्यात अशा चार केल्या. ती दारं मला दिसत नाहीत. कागद घेऊन जाणारे वेगळे.

आपला चुलतभाऊ एडविन यंदा तिकडे इंग्लंडात शेरीफ झालाय, वर्षापुरता, नुसता मानाचा. मखमली विजार, कमरेला तलवार, जज्जांना चहापाणी. तुझं सांगितलं तर म्हणाला, मी शब्द टाकू का? कुणाकडे, असं विचारलं तर चहा ढवळत बसला.

तूच जा. अगदी सकाळी नको, म्हाताऱ्याला कॉफी घेऊ दे. आपल्या हातात तेवढंच आहे.

तुझी काळजी करणारी,
इशबेल

हार्लन क्रीक
३ ऑक्टोबर

ती. ताईस,

काल दहाला गेलो. दार उघडंच होतं. पेट्या बांधून झाल्या होत्या. कात्री, कंगवा तेवढे बाहेर. हुकूम मोठ्याने, पूर्ण वाचायची इथली रीत. मी घसा खाकरला तर ऑर्वल ओरडला, आधी बस, मानेवर जंगल वाढवलंयस, असल्या अवतारात मला घराबाहेर काढतोस?

मग गळ्यात त्याचं फडकं बांधून मी वाचत गेलो, तो कापत गेला. समोर आरशात मी आणि पोस्टरमधला मी. शेवटच्या ओळीला कात्री थांबली. त्याने माझी मान ब्रशने झाडली आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. कुठे जाणार म्हणून विचारलं, तर म्हणाला, डकोटाला, बहिणीकडे. त्याची बहीण वारल्याला बारा वर्षं झाली. तिच्या मातीला मी त्याच्यासोबत गेलो होतो.

मी मान डोलावली. कंगव्याच्या डबीत पाच डॉलर ठेवले. या वेळी तो नको म्हणाला नाही.

असेन तसा तुझाच, माया आटू देऊ नकोस,
मर्डो