थोरलीने देऊन टाकू नये असं घर

मी, येसूबाई सखाराम कराळे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार मौजे कळंब, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने करीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं जाग्यावर आहे. मला कोणी दम दिलेला नाही, आणि देईल असा अजून आमच्या गावात कोणी नाही. माझं शिक्षण दुसरीपर्यंत. यातले कायद्याचे शब्द वकीलसाहेबांचे, बाकीचे माझे. माझे त्यांनी बदलू नयेत.

१. मला वारस दोन. मुलगा जगदीश, रसायनीला कंपनीत कामाला, राहणार मोहोपाडा. मुलगी सुनिता, दिली खालापुरात. घरात माझ्या जोडीला माझी थोरली जाऊ, सोमीबाई गजानन कराळे. वकिलांच्या कारकुनाने पहिल्या कागदावर तिला माझी सवत करून टाकलं होतं. ते खोडायला लावलं. ती माझी कोण हे त्याला समजावता समजावता माझा चहा निवला, म्हणून इथे नीट लिहून ठेवते.

सोमीचा नवरा लग्नानंतर लवकरच साप चावून गेला. मूलबाळ नाही. मी या घरात आले आणि जगदीश पोटात असताना तिचे भाऊ तिला न्यायला आले, दुसरं स्थळ बघून. माझे पाय सुजलेले. ती भावांना म्हणाली, "येसूला बाळंत व्हू द्या, मंग येतंय." भाऊ परत गेले. मग सुनिता झाली, मग सासू अंथरुणाला खिळली. तिचा एक भाऊ तर वाट बघता बघता वर गेला.

पोरं तिने वाढवली. शेतावर मी जायची. भावकीतले दीर मला वहिनी म्हणत, म्हणून माझी पोरंही मला वहिनीच म्हणतात. 'आय' तिला म्हणतात. जगदीश शाळेतून आला की "आय, भूक" असं ओरडत माझ्या अंगावरून पुढे पळायचा. मला लागायचं ते. पण भाकरी तिच्या हातात होती, तर पोर जाणार कुठे?

२. नांगर, कोयते, विळे आणि मोठी ताडपत्री पदूला द्यावी. वाडीवरचा पदू आमचं शेत अर्ध्या वाट्याने करतो. ताडपत्री शेजारच्या विलासकडे आहे. परत देतो देतो म्हणतो. माझ्या दहाव्याच्या आधी आणून घ्यावी, नंतर तो ओळखही देणार नाही.

३. पोस्टातले पैसे सुनिताला. गळ्यातली पुतळ्यांची माळ सुनेला, वनिताला. तिने ती मोडून नव्या तऱ्हेचं काही करावं, माझी ना नाही. माझ्या तोंडावर "जुनाट हाय" म्हणाली होती, ते खरं होतं. माळ आहेच जुनाट.

४. आता घर. सासऱ्यांनी बांधलेलं, कौलारू, ओटी रस्त्याला लागून. नवऱ्यामागे माझ्या एकटीच्या नावावर झालं. सोमीचं नाव लावायचं कोणाला सुचलं नाही, तिला तर मुळीच नाही.

बाजाराला उतरणाऱ्या वाडीवरच्या बायका पाट्या त्याच ओटीवर टेकवतात. ऊन उतरेपर्यंत पाठ टेकतात, सोमी त्यांना पेज देते. खालापूरची रजिया बांगड्या घेऊन येते तीही तिथेच बसते. रमजानात रजियाचा रोजा सुटेपर्यंत सोमी आपला संध्याकाळचा चहा तोंडाला लावत नाही. मी म्हटलं, "रोजा तिचा हाय गं, तुझा नाय." तर म्हणाली, "तिच्यासमोर घोट उतरंल का?" मग मलाही बिनचहाचं बसावं लागतं.

दोन पावसाळ्यांमागे रिसॉर्ट शोधत आलेली एक मोटार आमच्या वाटेच्या चिखलात रुतली. आत मुंबईची चार माणसं. सोमीने त्यांना आत घेतलं, अंग पुसायला लुगडी दिली, तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. निघताना त्यातल्या शेटजींनी पाकीट काढलं. "आजी, किती झाले?" सोमी भाकऱ्यांच्या टोपलीत बघून म्हणाली, "अजून दोन हायत, बसा." पाकीट तसंच खिशात गेलं. पण घर त्या माणसाच्या डोळ्यात भरलं. तो जगदीशला मोहोपाड्याला जाऊन भेटला. त्याला घर विकत हवं आहे, सुट्टीचे पाहुणे ठेवायला. जिथे फुकट जेवला तिथेच आता तो जेवणाचा धंदा मांडणार.

जगदीश मला विचारायला आला. पोरगा वाईट नाही, हप्ते फार आहेत त्याचे. मी म्हटलं, "आन थोरलीचं काय?"

"आयला माझ्याकडं नेतो की. हालमधे झोपंल."

"तिथं आलंगेलं कोण येतंय?"

"कोण कशाला यायला पायजे?"

बघा. तिच्या हातचं खाऊन एवढा झाला, आणि हे विचारतो.

मी सोमीला जाऊन सांगितलं, शेट घर मागतोय. मला वाटलं रडेल. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "दे गं. त्याला आवडलं हाय, आन जगदीसला पन गरज हाय."

म्हणून हे कलम वकिलांनी दोनदा वाचून लिहिलं आहे. माझ्या पश्चात घराची मालकी जगदीश व सुनिता यांची सामाईक राहील. परंतु सोमीबाई हिला सदर घरात तहहयात राहण्याचा व वहिवाटीचा हक्क राहील, आणि ती हयात असेतोवर मालकांना घर विकता येणार नाही. आपला हा हक्क सोडून देण्याचा किंवा कोणास लिहून देण्याचा अधिकार सोमीबाईसही राहणार नाही. तिचा अंगठा अशा कोणत्याही कागदावर आढळल्यास तो जेवण वाढताना लागला असं समजावं.

अशी अट घालतात ती माणसावर भरवसा नसतो म्हणून. माझा आहे. जगदीश उद्या कागद घेऊन आला तर ती आधी "जेवलास का" विचारेल आणि मग अंगठा पुढे करेल, याचा मला पक्का भरवसा आहे.

वकील म्हणाले, "आजी, त्या तुमच्याहून वयाने मोठ्या. त्या आधी गेल्या तर?"

मी म्हटलं, "मला वाढल्याशिवाय ती कधी उठली हाय का?"

ते हसले. मी हसले नाही. तसं झालंच तर ही अट रद्द समजावी, आणि पोरांनी घराचं पाहिजे ते करावं. मला विचारायची गरज नाही. रिकाम्या चुलीपाशी बसून मी करू काय?

५. वरील सर्व मजकूर सोमीबाईस मोठ्याने वाचून दाखवला. तिचं म्हणणं नोंदवावं असं वकील म्हणाले, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी मला जगदीसला नाय म्हनावं लागंल?"

"तू नको म्हनूस. तुला जमायचं नाय. येसूनं नाय म्हटलंय, असं सांग."

"आतापत्तूर तेच सांगत आले."

"मंग?"

"पन तू गेल्यावं गं?"

"गेल्यावं पन माझंच नाव सांग."

ती म्हणाली, "मंग बरं हाय," आणि वकिलांचं ताट वाढायला आत गेली.

सही, माझ्या हाताची: येसूबाई सखाराम कराळे

साक्षीदार:
१. रजिया मोहियुद्दीन, राहणार खालापूर, धंदा बांगड्या. ओटीवर बसून सही केली.
२. विलास, राहणार कळंब, शेजारी. ताडपत्रीचं कलम वाचून सही केली.

ठिकाण: कळंब, तालुका कर्जत
तारीख: ११ मार्च २०२५