नखांच्या मशीनला झेंडू

बाबा, तुमच्या आणि आईच्या पाया पडते.

फोनवर तुम्ही ओरडलात की मला बोलायला जमत नाही, म्हणून लिहिते. विठ्ठलकाकांनी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या कंपनीत लावून दिलेली नोकरी सोडून मी डोंबिवलीत नेल पार्लरला लागले, म्हणून काल काका तावातावाने तिथेच आले.

खंडेनवमी होती. तुम्ही कंपनीत लेथ मशीनला वाहायचात तसा मी नखं घासायच्या मशीनला झेंडू वाहत होते.

"पर्मनंट आहे का गं?"

"नाही, काका."

त्यांनी मशीन चालू करून त्याचं गरगर फिरणारं टोक बघितलं. "अगं, हे तर माझ्या नि तुझ्या बाबाच्या लेथचं पिल्लू!" म्हणाले आणि चपला काढून हात जोडले. माझा जीव भांड्यात पडला.

तुमचा गुडघा कसाय? दिवाळीत आईची नखं मीच करणार.

तुम्ही पूजेला लेथशी बोलायचात ना? मी पण मशीनला हळूच म्हटलं, बाबांचा राग जाऊ दे.

तुमची संचिता